मागच्या सीटचे वजन

म्हैस अचानक आडवी आली आणि निरंजनने शिताफीने तिला डावीकडून चुकवले. मागे बसलेल्या वृंदाने त्याचा खांदा घट्ट धरला. पुढच्या वळणानंतर रस्ता संपला, समोरची भिंत पुन्हा पांढरी झाली, आणि ते दोघे साताऱ्याच्या शोरूममधल्या लोखंडी सांगाड्यावर होते तिथेच बसलेले होते.

"वीस मिनिटांत घाट झाला, हायवे झाला, पाऊस झाला," निरंजन हेल्मेट काढत म्हणाला. "चहाची टपरी तेवढी टाकायची विसरलेत."

वृंदा साडी सावरत खाली उतरली. गाडी नक्की करायला जायचे म्हणून तिने मुद्दाम साडी नेसली होती.

या चाचणीला आता सगळे जुळणी म्हणत. जुळणीचा दाखला असल्याशिवाय कोणतीही विमा कंपनी दुचाकीला हात लावत नसे. सांगाड्याच्या सीटखाली, मुठींत आणि फूटरेस्टमध्ये बारीक संवेदक बसवलेले होते. माणूस वळणावर किती झुकतो, कशाला दचकतो, श्वास कुठे रोखतो, हे सगळे ते टिपून घेत. रस्त्यावर धावणाऱ्या तीन लाख गाड्या आपापला रोजचा प्रवास यंत्राला कळवत असत. त्या माहितीशी ताडून यंत्र सांगे की हे गिऱ्हाईक पुढची पाच वर्षे गाडी कशी चालवील आणि त्याला कोणती मानवेल. लोकांना ते पटतही असे, कारण बहुतेक वेळा ते खरे ठरे.

पसंत केलेल्या दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. एक पिवळी, एकशे अठरा किलोंची, नुसती मूठ पिळली की उसळणारी. दुसरी गडद निळी आणि ऐसपैस, दोनशे ऐंशी किलोंची. तिच्या पोटात तोलचक्र फिरत असे, त्यामुळे उभी असतानाही ती कलंडत नसे. तिच्या मागच्या सीटला पाठ होती, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या होत्या. धनुष्कोडीला जायचे ते या गाडीवरून, असे दोघांचे ठरले होते. निदान वृंदाला तसे वाटत होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी निघालेला तो बेत आधी मुलीच्या जन्मामुळे, मग तिच्या दहावी-बारावीमुळे, मग सासूबाईंच्या आजारपणामुळे मागे पडत गेला होता. निरंजन पाटबंधारे खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, वृंदा वजनमापे खात्यातून मार्चमध्ये. आता आड येण्यासारखे काही उरले नव्हते.

शोरूममधली तेजल हातातली काचपाटी घेऊन आली. तिशीची, हसतमुख मुलगी.

"सर, पिवळी. एक्क्याण्णव टक्के जुळते तुम्हाला."

"आणि निळी?" वृंदाने विचारले.

"सदतीस, मॅडम."

"छत्तीसाच्या वर गेली की," निरंजन हसला. "आमच्या लग्नात पत्रिका बघितली नाही म्हणून हिचे मामा जेवले नव्हते. आज असते तर खूश झाले असते."

वृंदा हसली नाही. "सदतीस कशामुळे?"

"आतला तपशील आम्ही सहसा उघडत नाही, मॅडम."

"उघडा. काटा काय मोजतोय ते गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे."

तेजलने निरंजनकडे पाहिले. मग तिने पाटीवर बोट फिरवले. एक रेघ उजवीकडे सरळ जात होती आणि मध्येच कड्यावरून पडावी तशी खाली आली होती. शेजारी लिहिले होते: मागील सीटवरील भार, सोळा महिन्यांनंतर शून्य.

"म्हणजे काय?"

"म्हणजे," तेजलचा आवाज खाली आला, "सोळा महिन्यांनंतर मागे कुणी बसणार नाही असा अंदाज आहे. म्हणून मोठी गाडी वाया जाईल."

"कुणी म्हणजे मी."

"हो, मॅडम."

"मी कुठे जाणार आहे?"

"कारण ते देत नाही. नुसता अंदाज देतं."

वृंदा थांबली. निरंजन काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली होती. तो चिडेल, हसण्यावारी नेईल, निदान तिच्याकडे बघेल. निरंजनने पिवळ्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवला.

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "हलकीच घेऊ."

वृंदाच्या कानशिलांत रक्त चढले. नोकरीत असताना एखादा आडदांड व्यापारी तिला वजनांना हात लावू देत नसे, तेव्हा तिला असेच होई. तेव्हा ती आवाज चढवत नसे. आजही चढवला नाही.

"तू विचारलं नाहीस."

"काय?"

"सोळा महिन्यांनी मला काय होणार आहे."

"अगं, यंत्राचा अंदाज आहे तो. तुला काय धाड भरलीय?"

"मग गाडी त्या अंदाजावर कशी काय ठरली? मी नसणार म्हटलं की यंत्र खोटं, आणि हलकी घ्या म्हटलं की खरं?"

"वृंदा, लोक बघतायत."

"बघू देत."

तेजल दोन पावले मागे सरकली. निरंजनचाही चेहरा लाल झाला होता.

"खरं सांगू? कासला जाताना यवतेश्वरच्या वर पोचत नाही तोवर तुझी कंबर धरते. धनुष्कोडी साडेतेराशे किलोमीटर आहे. तुला झेपायचं नाही, हे मला यंत्राने सांगायची गरज नव्हती."

"कंबर धरली म्हणते. उतरते असं कधी म्हटलंय?"

निरंजन पिवळ्या गाडीचा आरसा सारखा करू लागला.

"आणि गरज नव्हती, तर तू का नाही सांगितलंस? पेट्यांत काय भरायचं याची यादी आपण परवा बसून केली. तेव्हा तोंडात गुळणी धरली होतीस?"

"तुझं मन मोडवेना."

"आता यंत्राने मोडलं. सोय झाली तुझी."

ती तेजलकडे वळली. "बाई, माझं वजन यंत्राला कसं दिसलं ते दाखवा. आकडा नको, चित्र असेल तर."

चित्र होते. सांगाड्यावर दोन आकृत्या होत्या. पुढची ऐटीत, दोन्ही पाय दोन्हीकडे. मागच्या आकृतीखालचा सगळा गडद रंग डावीकडे गोळा झाला होता आणि उजवे फूटरेस्ट कोरे होते. वृंदाने ते चित्र क्षणभर पाहिले आणि तिच्या लक्षात आले. साडीत काय, सलवारीत काय, ती लग्नापासून एका बाजूलाच बसत आली होती. तिची आई तशीच बसे.

"तुमच्या यंत्राकडे एका बाजूला बसणाऱ्या किती बायकांची नोंद आहे?"

तेजलने शोधले. "थोड्याच आहेत. आणि त्या जवळच्या फेऱ्यांच्या. मंडई, दवाखाना, लग्नकार्य. नंतर त्या बसलेल्या दिसत नाहीत."

"म्हणजे एका बाजूला बसली ती उतरायच्या बेतातच आहे, असं हे शिकलंय." तिने पदर खोचला. "अठ्ठावीस वर्षं मी बाजारातले काटे तपासले. वजन ताटलीच्या मधोमध ठेवून बघायचं, मग तेच वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायचं. आकडा बदलला की काटा नापास. हे तुमच्याकडे कुणी केलेलं दिसत नाही."

"मॅडम, पुन्हा चाचणी घेऊ," तेजल घाईने म्हणाली. तिला सुटल्यासारखे झाले होते. "तुम्ही फक्त दोन्हीकडे पाय टाकून बसा. चूक निघून जाईल."

वृंदाने निऱ्या गुडघ्यांपर्यंत वर ओढल्या आणि सगळ्या शोरूमदेखत ती सांगाड्यावर टांग टाकून बसली. पलीकडे स्कूटर बघायला आलेले कुटुंब वळून बघू लागले. निरंजन पुढे येऊन बसला.

भिंतीवर पुन्हा घाट सुरू झाला. पहिल्याच वळणावर वृंदाच्या ध्यानात आले की आपण त्याचा खांदा धरलेला नाही. दोन्ही हातांनी तिने मागची लोखंडी कडी पकडली होती. मुद्दाम नव्हे, हात आपोआप तिकडे गेले होते. त्याच्या पाठीत आणि तिच्यात वीतभर अंतर होते आणि वळण आले की ती उलट बाजूला ताठ होत होती. खालचे संवेदक हेही टिपत असणार. मघाशी यंत्र चुकले होते, यात तिला शंका नव्हती. पण त्या चुकीच्या आकड्याने जे घडवले ते आता खरे होते, आणि त्याचे वजन यंत्र अगदी बिनचूक करणार होते.

म्हैस आली. वृंदाचे हात कडीवरच राहिले.

चाचणी संपल्यावर पाटी हलकेच वाजली. तेजलने ती वाचण्याआधी वृंदाने पाटीवर तळहात ठेवला.

"थांबा."

"मॅडम, आकडा आलाय."

"येऊ दे. यंत्राला जे दिसलं ते त्याने लिहिलं, त्याच्यावर माझा राग नाही. काटा खोटा असला तर सील करता येतो." ती निरंजनकडे वळली. आता तिचा आवाज थरथरत होता, आणि तो थरथरतो आहे याचाच तिला जास्त संताप आला. "निळी घ्यायची की पिवळी, हे मी तुला विचारत नाहीये. तुला पिवळी आवडते, ठीक आहे. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मागे मी बसलेली तुला हवी आहे का? एवढंच सांग. नको असेन तर तसं सांग. मी रिक्षाने घरी जाईन, आणि तू पिवळी घेऊन ये."

"हे काय विचारणं झालं, वृंदा?"

"पस्तीस वर्षांत एकदा विचारतेय."

निरंजनने ओठांवरून जीभ फिरवली. तेजल दुसरीकडे पाहू लागली, पण पाटी तिने तशीच धरून ठेवली होती. बोलण्यासाठी त्याने तोंड उघडले, आणि त्याची नजर वृंदाच्या चेहऱ्याकडे निघाली, पण तिथवर पोचली नाही. ती वाटेत, वृंदाच्या तळहाताच्या कडेने झिरपणाऱ्या पाटीच्या उजेडावर अडकली. बोटांच्या फटीतून काही दिसते का, ते तो पाहत होता.

तिथे कोणता आकडा दिसला असता, म्हणजे त्याला उत्तर सुचले असते?