आजोबांच्या टाकीतली वाळू

"थांबा! पाइप सुटला!"

भोंगा एवढ्या जोरात ओरडला, की आतल्या खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटने दचकून तोंड मिटलं. नशीब, मावशीची बोटं तेव्हा बाहेर होती!

"भोंग्या, हा दवाखाना आहे, मैदान नाही!" आतून मावशीचा आवाज आला.

बाहेर वेटिंग हॉलमध्ये बारकी स्टुलावर उभी राहून प्लास्टिकचा डबा दोन्ही हातांनी धरून होती. सुटलेल्या पाइपातलं पाणी थेट प्रोफेसरच्या चष्म्यावर उडत होतं. प्रोफेसर आणि भोंगा हे बारकीचे मावसभाऊ. एक सतत वाचणारा, दुसरा सतत बोलणारा. बारकी दर सुट्टीत त्यांच्याकडे राहायला यायची, आणि मावशीच्या दातांच्या दवाखान्यातच तिघांचा दिवस जायचा.

बारकीला तिथे ओढ होती ती आजोबांची. हॉलमध्ये पलंगाएवढी लांबलचक काचेची टाकी होती आणि तिच्यात जाडजूड केशरी मासा होता. बाकीचे मासे आपले येत-जात असायचे, पण हा सगळ्यांत जुना, म्हणून आजोबा! लहानपणी बारकीचा दात काढायचा होता, तेव्हा ती रडून रडून हॉलमधल्या खुर्चीखाली जाऊन बसली होती. तेवढ्यात काचेपलीकडून आजोबा तिच्या समोर आले आणि त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. त्यांचं बघून बारकीनेही आ केला. दात कधी निघाला, तिला कळलंसुद्धा नाही.

पण यंदा ती आली तर टाकीतलं पाणी ताकासारखं गढूळ! पलीकडच्या भिंतीवर दाढेचं मोठं चित्र होतं. टाकीतून पाहिलं तर ती दाढ बटाट्यासारखी दिसत होती. आजोबा तळाशी गप्प बसून होते.

"दवाखान्यात असली घाण मला चालणार नाही," मावशीने बजावलं होतं. "सुट्टी संपेपर्यंत पाणी नितळ झालं तर ठीक. नाहीतर टाकी काढायची, आणि मासे माझ्या मैत्रिणीच्या बागेतल्या हौदात सोडायचे."

"पण तिच्याकडे मांजरं आहेत!" बारकी टाकीपुढे आडवी उभी राहिली.

म्हणून तर हा खटाटोप चालला होता. मावशीकडे दातांचे साचे करायचं प्लास्टर डब्यातून यायचं. तसा एक रिकामा डबा घासूनपुसून घेतला. तळाला भोकं पाडली. त्यात आधी गोटे, वर जाड खडी, आणि सगळ्यांत वर बारीक वाळू. वाळू वाहून जाऊ नये, म्हणून ती जुन्या पातळ चादरीच्या पिशव्यांत भरली. पिशव्या बारकीने स्वतः शिवल्या होत्या. टाके वाकडे होते, पण घट्ट होते! पंप टाकीतलं पाणी वर चढवणार, ते वाळूतून झिरपत परत टाकीत पडणार.

"लागला पाइप!" प्रोफेसरने चष्मा पुसत जाहीर केलं. डब्याखालून पाण्याची धार सुरू झाली, आणि कंपाउंडर काकांनी झाडू बगलेत मारून टाळ्या वाजवल्या.

पहिले काही दिवस पाणी हळूहळू निवळत गेलं. शुक्रवारी बटाट्याची चक्क दाढ झाली! तिघं नाचलेच.

सोमवारी येऊन बघतात तो काय, दाढेचा पुन्हा बटाटा!

पुढच्या आठवड्यात तेच. आठवडाभर पाणी सुधारायचं आणि सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"पेशंट बिस्किटं टाकत असणार!" भोंगा म्हणाला. दिवसभर त्याने अशी करडी नजर ठेवली, की एक बाई बिस्किटाचा पुडा परत पिशवीत ठेवून सावरून बसल्या. पण बिस्किटाचा चुरासुद्धा टाकीत पडला नाही.

बारकीने मात्र डब्याचं झाकण उघडून पिशवी हातात घेतली. "शुक्रवारी ही बुळबुळीत लागत होती. मातीसारखा वासही होता. आज बघ, खरखरीत! वाससुद्धा नाही."

"मग चांगलंच की. स्वच्छ झाली," भोंगा म्हणाला.

"आपोआप?"

तिघं तडक कोपऱ्यावरच्या रंगीत माशांच्या दुकानात गेले. दुकानातल्या काकूंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे बाळांनो, तो बुळबुळीतपणाच तर हवा! त्यात चांगले जंतू राहतात. माशांची घाण तेच संपवतात. कुणीतरी तुमची वाळू धुतंय नाहीतर औषध टाकतंय. जंतू गेले की पाणी बिघडणारच."

"दवाखान्याची किल्ली काकांकडे असते!" बाहेर पडताच भोंगा म्हणाला.

"काका असं करणार नाहीत," बारकी चिडली.

"भांडू नका," प्रोफेसर म्हणाला. "आधी नेमकं काय करतात ते शोधू, मग कोण ते कळेल."

शनिवारी दुपारी बारकीने एका पिशवीची शिवण थोडी उसवली. आत लाल चिंधी टाकली आणि जांभळ्या मेणाच्या खडूचा तुकडा खुपसला. चिंधीचा रंग उडाला तर समजायचं औषध टाकलं. खडू वितळला तर समजायचं वाळू तापवली. दोन्ही जसंच्या तसं राहिलं तर नुसतीच धुतली. मग पिशवी पुन्हा घट्ट शिवून टाकली. सुट्टीचे थोडेच दिवस उरले होते, आणि मावशीने मैत्रिणीला फोनही करून ठेवला होता.

सोमवारी दवाखाना उघडताच तिघं आत घुसले. बारकीने पिशवी बाहेर काढली. पिशवीवर जांभळा डागच डाग! उसवून पाहिलं, तर चिंधी लालभडक आणि खडूचा पत्ताच नाही.

"तापवली!" तिघं एकदम ओरडले.

"चहाची शेगडी!" भोंग्याने काकांकडे बोट दाखवलं. "काका, तुम्ही?"

"छे छे! माझ्या चहाच्या भांड्यात वाळू?" काका असे दुखावले, की भोंग्याने बोट खिशात घातलं.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. मावशी हातात स्टीलचा ट्रे घेऊन तणतणत बाहेर आली. वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रातला ट्रे होता तो.

"माझ्या ट्रेला हा जांभळा रंग कुणी फासला?"

तिघांनी ट्रेकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग मावशीकडे. मावशीनेही पिशवी पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

"मावशी, तू?"

"मीच गं," मावशी तिथल्याच बाकावर टेकली. "दर शनिवारी सगळे गेले की हत्यारांबरोबर पिशव्याही वाफेला लावत होते. म्हटलं, पोरं एवढी राबतात, आपणही गुपचूप हातभार लावावा. नाव मात्र तुमचंच व्हावं, म्हणून बोलले नाही. तुमच्या आजोबांना घालवायला मला तरी कुठे आवडणार आहे?"

बारकीचा राग जागच्या जागी विरघळला. ती मावशीला बिलगली. "अगं, त्या वाळूत चांगले जंतू राहतात. आजोबांची घाण तेच खातात. आणि तू दर शनिवारी त्यांना उकडून काढतेस!"

"जंतू? माझ्या दवाखान्यात?" मावशी ताडकन उठली आणि पुन्हा बसली. मग तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. "एवढी शिकलेली डॉक्टर मी! पण जंतू म्हटलं की मारायचा, एवढंच हाताला माहीत. आणि खडू काय, चिंधी काय! कुणाची ही अक्कल?"

"हिची!" दोघा भावांनी एका दमात सांगितलं.

"शाबास गं माझी बारकी!" मावशीने तिच्या डोक्यावर टपली मारली. "वाळूला आता हात लावणार नाही. पण पाणी नितळ व्हायलाच हवं हं."

त्यांनी नवी वाळू भरली आणि पिशव्या बुळबुळीत होऊ दिल्या. शनिवार आला आणि गेला. सोमवारी दाढ दाढच राहिली! सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तर तिच्यावरची बारीक अक्षरंसुद्धा टाकीतून वाचता येत होती.

एका पेशंटने कुतूहलाने डब्याचं झाकण उचललं. मावशी मास्क लावूनच धावत बाहेर आली.

"अहो, ठेवा ते! आमचे जंतू काम करतायत!"

ते गृहस्थ चपला शोधायला लागले. काकांनी कसंबसं त्यांना थांबवलं.

आत खुर्चीत एक चिमुरडी ओठ घट्ट मिटून हमसत होती. तिच्या आईने समजावून पाहिलं, काकांनी गाणं म्हणून पाहिलं. काही उपयोग नाही. मावशीने तिला कडेवर उचललं आणि ती टाकीपाशी आली.

"बारके," ती हळूच म्हणाली, "तुझ्या आजोबांना जरा बोलाव ना."

बारकीने काचेवर बोट फिरवलं. नितळ पाण्यातून केशरी आजोबा डुलत डुलत वर आले, त्या मुलीच्या नाकासमोर थांबले आणि त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं.

मुलगी रडायची थांबली. टक लावून बघत राहिली. मग तिनेही आ केला.