उजवा पाय आधी

राखणदार मंचाच्या पायऱ्या उतरला तो उजवा पाय आधी टाकून, आणि मावशीच्या काळजात धस्स झालं.

चाहत्यांच्या त्या महामेळाव्यातलं हे सगळ्यात मोठं दालन. एकीकडे कॉमिक्सचे ढीग, दुसरीकडे लाडक्या नटाच्या सहीसाठी लागलेली रांग, व्हिडिओ गेमच्या पडद्यांपुढे बेंबीच्या देठापासून ओरडणारी पोरं. आणि जिकडेतिकडे वेश करून फिरणारी माणसं: पंखवाली, शेपटीवाली, चिलखतवाली. त्या गर्दीतही राखणदार उठून दिसायचा. सांबरासारखी रुंद शिंगं, लाकडातून कोरल्यासारखा चेहरा, पायघोळ शेवाळी झगा. कॉमिकमधला हा जंगलाचा पहारेकरी भाचीनं वर्षभर खपून उभा केला होता. आज वेशभूषा स्पर्धेची अंतिम फेरी होती.

पण भाचीच्या डाव्या गुडघ्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालेलं. मावशी फिजिओथेरपिस्ट, तिनंच तिला पुन्हा चालतं केलं. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना धड पाय आधी, हे तिनं भाचीकडून इतकं घोटून घेतलं होतं की ती पोरगी झोपेत पायऱ्या उतरली असती तरी डावा पायच आधी टाकला असता.

हा राखणदार मात्र धडाधड उतरत होता.

"ठमे!" मावशीनं हाक मारली.

मुखवटा वळला. डोळ्यांच्या भोकांत नुसता काळोख. मावशीनं पाण्याची बाटली पुढे केली. सकाळपासून भाची मुखवटा न काढता, जबड्याखालून नळी आत घेऊन पाणी पीत होती. आता शिंगं सावकाश डावी-उजवीकडे हलली. नको.

"गुडघा दुखतोय का गं?"

उत्तर नाही. फक्त हातमोज्यातली मूठ आवळली गेली आणि शिंगं हिरवीगार उजळली. पोरं आनंदानं किंचाळली, फोटोसाठी माणसं तुटून पडली. त्या रेट्यात मावशी मागे ढकलली गेली. तिनं टाचा उंचावून पाहिलं तेव्हा राखणदार बाजूच्या बोळाच्या ठेंगण्या दारातून, शिंगं अलगद तिरकी करून, निघून चालला होता.

तिनं फोन लावला. बंद.

तिनं पुन्हा लावून पाहिला. भाची बोलत नाही, पाणी पीत नाही, दुखऱ्या पायावर भार टाकून उतरते. मग आत कोण आहे? आणि आत दुसरंच कोणी असेल, तर माझी ठमी कुठे आहे?

कपडे बदलायच्या खोलीबाहेर भाचीची मैत्रीण चेहरे रंगवायचं टेबल मांडून बसली होती. समोर गिऱ्हाइकांची रांग, मैत्रिणीचे हात कोपरापर्यंत रंगलेले.

"शेवटची कधी भेटली तुला?"

"जेवायच्या सुट्टीआधी. मुखवटेकार सरांकडे जाऊन येते म्हणाली. जाम तापली होती."

"कशावरून?"

"ते नाही सांगितलं. 'आज तोंडावर विचारणार' एवढंच. पण मावशी, त्यानंतर मंचावर फोटो देताना दिसली की ती! अख्ख्या दालनानं पाहिली."

"तू बोललीस तिच्याशी?"

"छे, मला मान वर करायला फुरसत कुठली? शिंगं पेटलेली पाहिली लांबून. ती पेटतात कशी, हे मलासुद्धा सांगत नाही बघा. सख्खी मैत्रीण म्हणे!"

मावशीला मात्र ठाऊक होतं. आज सकाळीच भाचीनं डाव्या हातमोज्याच्या तळव्यात शिवलेलं बटन तिला दाखवलं होतं, वर शपथही घातली होती.

"तिचे कपडे कुठे आहेत?"

मैत्रिणीनं टेबलाखालची पिशवी ओढली. जीन्स, सदरा, बूट. सगळं जागच्या जागी.

"आणि तिच्या चेहऱ्याला काय लावलंयस?"

"डोळ्यांभोवती काळा रंग. भोकांतून कातडी दिसली तर मजा जाते ना. पक्का असतो. घासेल तिथे चिकटतो, मग पाणी, साबण, कश्शाला दाद देत नाही. तेलच चोळावं लागतं." बोलता बोलता मैत्रीण थांबली. "मावशी, तुम्ही अशा का दिसताय? झालंय काय?"

मावशी तशीच वळली. सांगायला गेली असती तर रडू फुटलं असतं.

मुखवटेकाराचा स्टॉल दालनाच्या टोकाला होता. किरकोळ अंगाचा, पन्नाशीचा माणूस. या क्षेत्रात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मागच्या पडद्यावर त्याचंच मोठं चित्र होतं, खाली ठळक अक्षरं: आज संध्याकाळी प्रथमच, बोलणारा मुखवटा. माणूस बोलेल तसा जबडा हलणार.

त्याचे नावाजलेले मुखवटे जमिनीवर एका चादरीवर मांडलेले होते. एका पोराचा पाय त्यांतल्या एकावर पडता पडता राहिला.

"दिसत नाही का रे?" मुखवटेकार खेकसला. मग मावशीला पाहून त्यानं आवाज खाली आणला. डोक्यावरची लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. "डोळे आलेत," तो म्हणाला. "जवळ येऊ नका, लागण होते."

"माझी भाची आली होती तुमच्याकडे?"

"हो, हो. जबडा कसा बसवायचा ते विचारून गेली. हुशार आहे पोरगी."

"चिडलेली होती का?"

"माझ्यावर? कशाला?"

"नंतर दिसली?"

"मंचावर. तुम्हीही पाहिलंतच ना? शिंगं काय उजळली! घाबरू नका. अंतिम फेरीआधी पोरं अशीच गायब होतात, कुठेतरी कोपऱ्यात बसून धडधड शांत करत असतात."

बोलताना त्यानं मागच्या लांबलचक काळ्या पेटीवर हात टेकला होता. पेटीला कुलूप होतं.

सुरक्षाप्रमुखाला गाठायला मावशीला वेळ लागला नाही. आडदांड, पिकल्या मिशांचा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "बाई, पायाच्या चुकीवरून आम्ही दारं बंद करू शकत नाही," एवढं तो म्हणतोय तोच त्याचा वॉकीटॉकी खरखरला. मागच्या बोळात शिंगंवालं कुणीतरी बसलंय. हाका मारल्या तर ओ देत नाही.

दोघं धावले.

बोळ रिकामा होता. दालनाचा गलका इथे भिंतीपलीकडून आल्यासारखा, दबलेला. टोकाला मोडक्या खुर्च्यांची रास आणि तिच्या अलीकडे, एका खुर्चीत, मान खाली घालून राखणदार बसलेला.

"ठमे," मावशी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दबला. शिंगं पुढे झुकली आणि मुखवटा धाडकन फरशीवर पडला. झग्यात माणूस नव्हतंच. खुर्चीच्या पाठीवर झगा चढवून वर मुखवटा टेकवलेला होता.

मावशी किंचाळली, ती थांबेचना. सुरक्षाप्रमुखानं तिला दंडाला धरून भिंतीशी बसवलं.

"हे बघा," तो हळूच म्हणाला, "पोरीनं धसका घेतला असेल. वेश उतरवला, गेली निघून."

"अनवाणी?" मावशीनं उंच टाचांचे राखणदाराचे बूट दाखवले. ते खुर्चीखाली होते. "तिचे बूट मैत्रिणीकडे आहेत. कपडेही. नुसत्या आतल्या बनियन-पायजम्यावर, दुखरा गुडघा घेऊन, रस्त्यावर गेली असेल?"

आता मात्र सुरक्षाप्रमुखाचा चेहरा बदलला. त्यानं वॉकीटॉकीवर सगळी दारं रोखायला सांगितलं.

मावशीनं मुखवटा उचलला. आत कपाळाच्या पट्टीवर काळा रंग माखला होता, घामानं चिकट झालेला. हातमोजा उलटा करून तिनं बटन दाबलं. मांडीवरची शिंगं हिरवी उजळली.

"हे बटन आणखी कुणाला माहीत असेल?" ती स्वतःशीच बोलली. "मैत्रिणीलासुद्धा नाही सांगितलं तिनं."

"परीक्षकाला असणार," सुरक्षाप्रमुख म्हणाला. "बॅटरीवर चालणारं काहीही असलं की आदल्या दिवशी परीक्षकापुढे उघडून दाखवावं लागतं. आगीची भीती. माझाच नियम आहे तो."

"परीक्षक कोण?"

"एकच आहेत. मुखवटेकार सर."

मावशी उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे जमिनीवरची चादर आली. माणूस पोराच्या पायावरून खेकसतो, इतका जिवापाड जपतो आपले मुखवटे. मग ते धुळीत का? मुखवटे न्यायची ती काळी पेटी तर मागेच होती.

"साहेब," ती म्हणाली, "कुलूप फोडायला काहीतरी घ्या. पळा!"

ती कशी धावली हे नंतर तिला आठवलं नाही. पंख, शेपट्या, तलवारी बाजूला सारत ती स्टॉलवर पोचली. मुखवटेकार वाटेत आडवा झाला.

"पेटीत ओले रंग आहेत. उघडलीत तर सगळं वाया जाईल."

"चावी."

"घरी राहिली."

मावशीनं पेटीला कान लावला. आत काहीच नव्हतं. ना धडपड, ना कण्हणं. 

सुरक्षाप्रमुखानं आग विझवायच्या कपाटातली कुऱ्हाड आणली होती. कडी तुटली. झाकणाच्या रबरी कडेनं सुस्कारल्यासारखा आवाज केला.

भाची आत मुटकुळं करून पडली होती. कपाळावर रक्त वाळलेलं, ओठ निळसर, डोळ्यांभोवती काळा रंग. मावशीनं तिला बाहेर ओढलं, हनुवटी वर केली, गळ्यावर बोटं ठेवली. नाडी होती. अगदी बारीक. मग छाती हलली. भाचीनं एक मोठा, फाटका श्वास घेतला आणि मावशीला वाटलं, हा आपणच घेतला.

प्रथमोपचाराच्या खोलीत डॉक्टरनं भाचीला प्राणवायू लावला. जीव वाचला होता, पण शुद्ध पुरती आली नव्हती. बाहेरच्या खोलीत मुखवटेकार खुर्चीत ताठ बसला होता. मैत्रीण दाराशी रडत उभी होती. पोलीस यायचे होते.

"कुणीतरी माझ्या पेटीचा गैरफायदा घेतला," मुखवटेकार म्हणाला. "मी काय करणार? ती माझ्याकडून धडधाकट गेली. नंतर शेकडो लोकांनी तिला पाहिलं."

"पाहावं म्हणूनच तो खटाटोप होता," मावशी म्हणाली. ती त्याच्यासमोर उभी राहिली. "ती तुमच्याकडे आली, ती परत गेलीच नाही. तुम्ही तिला पेटीत घातलंत आणि तिचा वेश अंगावर चढवलात. अंगानं तुम्ही तिच्याएवढेच. 'पोरगी इथून सुखरूप गेली' असं सगळ्यांनी म्हणावं म्हणून मंचावर मिरवलात. मग वेश बोळात टाकलात, म्हणजे ती आपणहून पळाली असं वाटेल."

"तो वेश कुणीही घातला असेल."

"शिंगं पेटवणाऱ्याला बटन ठाऊक होतं. ते तिनं मला दाखवलं आणि काल तपासणीत तुम्हाला. ठेंगण्या दारातून शिंगं न अडकवता कुणाला निघता येतं? मुखवटे घालून ज्याचं आयुष्य गेलं त्याला. गुडघ्याचं मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. उजवा पाय आधी टाकलात. आणि पाणी नाकारलंत, कारण मी जवळ आले असते."

"हे सगळे तर्क झाले."

"मग चष्मा काढा."

"सांगितलं ना, डोळे आलेत."

"डॉक्टर आहेत ना इथे. काढा."

तो हलला नाही. सुरक्षाप्रमुखानं हात पुढे करून आधी चष्मा काढला, मग टोपी मागे सारली. डोळे स्वच्छ होते, लाल नव्हते. भुवयांवर मात्र काळा ओरखडा होता. घासून घासून भोवतालची कातडी सोललेली, रंग तसाच.

"तिच्या घामानं मुखवट्याच्या पट्टीला लागला, तिथून तुमच्या कपाळाला," मावशी म्हणाली. "हिनं लावलेला रंग आहे. पाण्यानं जात नाही."

मैत्रीण पुढे आली. तिनं तेलाचा बोळा त्याच्या भुवईवर एकदा फिरवला आणि काळा झालेला बोळा टेबलावर ठेवला.

मुखवटेकाराचे खांदे पडले.

"हलणाऱ्या जबड्याची कल्पना तिची होती," तो म्हणाला. "माझ्याकडे शिकायला होती तेव्हा तिनं जबडा कागदावर काढून दाखवला होता. मला वाटलं, विसरली असेल. आज म्हणाली, तुम्ही मंचावर जाहीर सांगा, नाहीतर मी सांगते. मी नुसतं ढकललं. पेटीच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं. मला वाटलं, मेली."

"मेली वाटली," मावशी म्हणाली, "आणि नाडी न बघताच कुलूप लावलंत?"

मुखवटेकाराची नजर दाराकडे गेली.  सुरक्षाप्रमुख त्याच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभा राहिला.

रुग्णवाहिका आली तेव्हा भाचीला मोठ्या दालनातूनच न्यावं लागलं. बातमी सगळीकडे पसरली होती. संगीत बंद झालं होतं. स्ट्रेचरच्या दोन्ही बाजूंना राक्षस, योद्धे, परग्रहावरचे प्राणी भिंतीसारखे उभे. मावशीचे पाय अडखळले. त्या प्रत्येक मुखवट्याच्या भोकांत तिला काळोखच दिसत होता.

मग एका चिलखतवाल्यानं शिरस्त्राण काढलं. आत केस विस्कटलेला, घामाघूम पोरगा होता. त्याच्या शेजारणीनं मुखवटा वर केला. मग पलीकडच्यानं. बघता बघता पार दारापर्यंत नुसते चेहरे दिसू लागले, लाल झालेले, भेदरलेले, काही डोळे पुसणारे. मावशीनं स्ट्रेचरची कड घट्ट धरली आणि पाऊल उचललं.

दारापाशी भाचीचे डोळे किलकिले झाले. प्राणवायूच्या नळीआडून ती काहीतरी पुटपुटली. मावशी वाकली.

"आईला सांगू नकोस."

"सांगितलंय," मावशी म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना. "निघालीये ती."