पाच सफरचंदं

गेल्या सोमवारी सकाळी मी चित्र घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याने ते उलटं करून मागे लिहिलेलं वाचलं, पुन्हा सुलटं केलं.

"काका, मागे 'पाच सफरचंदं' लिहिलंय. इथे तर चारच दिसतात."

मी हसण्यावारी नेलं. म्हातारपण, दुसरं काय! पण चित्र काखोटीला मारून तसाच घरी आलो. फळं मी पाचच मांडली होती, पाचच रंगवली होती. त्यांच्यावरून तर हिचं-माझं शेवटचं बोलणं झालं.

आमच्या घरात एक नियम होता. चित्र पुरं होईपर्यंत मांडलेल्या फळांना हात लावायचा नाही. हिने तो कधी पाळला नाही. येता-जाता एखादं उचलायची, कापून अर्धं खायची, अर्धं माझ्यासाठी ठेवायची. ते काळं पडू लागलं की आतून हाक मारायची. मी चिडायचो, पण खायचो.

शेवटच्या आजारपणात हिची अन्नावरची वासनाच उडाली होती. एका दुपारी मात्र स्वतःहून म्हणाली, "त्यातलं एक द्या ना."

"दोन दिवस थांब. चित्र होऊ दे."

चित्र झालं. ही काही दोन दिवस थांबली नाही. ते दोन दिवस मला अजून जाळतात.

सोमवारीच मी पाचवं सफरचंद पुन्हा रंगवलं. मंगळवारी चित्रात तीन होती. खरवडल्याची खूण कुठेच नाही. फळाच्या जागी टेबलाचं लाकूड, तेही जुन्या, वाळलेल्या रंगात. खोलीत रंगातल्या जवसाच्या तेलाबरोबर नुकत्याच कापलेल्या फळाचा वास येत होता...

मी बाजारातून ताजी सफरचंदं आणून चित्रासमोर ठेवली.

"खा गं... आता नाही रागावणार."

रिकाम्या घरात माझा आवाज मलाच परका वाटला. त्या फळांना कुणी शिवलं नाही. चित्रातली मात्र दोन झाली, मग एक.

आज सकाळी त्या एकाचं अर्धंच उरलंय. शेजारी सुरी आहे. ती मी रंगवलेली नाही. तिची मूठ माझ्या बाजूला वळलेली आहे.

तेव्हापासून मी समोर बसून आहे. सकाळी ते अर्धं सफरचंद पांढरंशुभ्र होतं...

आता त्याच्या कडा काळ्या पडू लागल्यात.