खरवडलेलं नाव

शेगडीभोवती पोरं जमली, चहा फिरला, अक्रोड फुटले, आणि कोणीतरी म्हणालं, "मलकेआजोबा, देनहोकाकांचं काय झालं ते सांगा ना."

मलके म्हाताऱ्यानं शेगडीतले निखारे सारखे केले. बाहेर तूर अब्दीनच्या डोंगरावरून गार वारा येत होता. "सांगतो," तो म्हणाला, "पण मध्ये हसायचं नाही. देनहो माझा शेजारी, आमच्या भिंतीला भिंत लागून. गेल्या वर्षीची गोष्ट. मंगळवार, अकरा नोव्हेंबर."

त्या दिवशी देनहो जेवून उठला तेव्हा साडेसात वाजले होते. बायको शमुनीनं त्याचा कोट दारातच धरून ठेवला होता.

"निघा आता."

"उद्या सकाळी जातो."

"उद्या सकाळी ती फोटोवाली माणसं त्या पोथीचे फोटो काढणार. मग पोथी पेटीत जाणार आणि पेटीला कुलूप लागणार. त्यानंतर बोरू टेकवू देतील का कोणी?"

देनहो परत खाली बसला.

"चाळीस वर्षं गावाच्या मेलेल्यांची नावं लिहिलीत," शमुनी म्हणाली. "कोणाच्या आजीचं, कोणाच्या आत्याचं. स्वतःच्या पोराची पाळी आली की हात दुखतो?"

मठाच्या पोथीखान्याची किल्ली देनहोकडे असे. कातड्याच्या पानांची ती जुनी प्रार्थनेची पोथी, सातशे वर्षांपूर्वी एका साधूनं हातानं लिहिलेली. तिच्या शेवटच्या पानांवर गावात कोणी मेलं की नाव लिहायचं आणि उपवासाच्या पहिल्या रविवारी धर्मगुरूंनी ती सगळी नावं मोठ्यानं वाचायची, अशी रीत. देनहोचा मुलगा यल्दो चार वर्षांपूर्वी इझमीरच्या किनाऱ्यावरून रबरी होडीत बसून ग्रीसला निघाला होता. होडी बुडाली. अकरा जणांची प्रेतं मिळाली, त्यात तो नव्हता. कबर नाही, दगड नाही. म्हणून शमुनीचं एकच मागणं होतं, नाव तरी कुठेतरी असू दे.

आणि देनहोचं म्हणाल तर त्याला चार वर्षांत रडू आलं नव्हतं. एका अंगावर निजलं की हात मरतो ना, आपलाच असून दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याचं आतलं सगळं झालं होतं. जेवायचा, झोपायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. त्यानं कोट घातला, शाईची बाटली खिशात टाकली आणि निघाला.

मठाच्या फाटकाशी अबुना सलिबा कंदील घेऊन उभे होते. ते मठाचे धर्मगुरू.

"वीज गेलीय," ते म्हणाले. "सरकारला आपले संत अंधारातच आवडतात."

"यल्दोचं नाव लिहायचंय अबुना."

अबुनांनी कंदील जरा वर धरून त्याचं तोंड पाहिलं. मग कंदील त्याच्या हातात दिला. "कुठेतरी कोपऱ्यात घुसव. अकराशे नावं आहेत तिथे. स्वर्गात एवढी दाटी नसेल. आणि लवकर आटप, तुझा चहा गार होईल."

देनहो पोथीखान्यात गेला. दार ओढून घेतलं, कंदील टेबलावर ठेवला, पोथी उघडली.

जागा नव्हती.

ओळींच्या मध्ये नावं, कडेला नावं, कडेच्याही कडेला आडवी नावं. त्यातली कितीतरी त्याच्याच हातची. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. नखाएवढी जागा नाही. रिकामी पानं शिवून घालायची तर महिना हवा, आणि हातात एकच रात्र.

मग त्याची नजर शेवटच्या ओळीवर गेली. पोथी लिहिणाऱ्या साधूची ती ओळ. 'हे वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या पापी अमक्यासाठी प्रार्थना कर.' पुढे त्याचं नाव, ऐसपैस, मोकळ्या जागेत. पोथी मिटताना जो मिटेल त्यानं ते नाव घेऊन दया मागायची. देनहोनं चाळीस वर्षं मागितली होती. त्याच्या आधी त्याच्या बापानं, आजानं.

त्यानं त्या नावावरून बोट फिरवलं.

"सातशे वर्षं लोक तुझ्यासाठी मागतायत," तो हलकेच म्हणाला. "पुष्कळ झालं. आता माझ्या पोराला बसू दे."

बोरू तासायची सुरी त्यानं काढली. कातड्यावरचं अक्षर खरवडायचं तर सुरी आडवी धरावी लागते, नाहीतर भोक पडतं. त्याला ते ठाऊक होतं. तपकिरी भुकटी निघाली, ती त्यानं फुंकून टाकली. त्या जागी मायफळाच्या काळ्या ताज्या शाईनं लिहिलं, यल्दो. शाई सुकायला वाळू भुरभुरवली. काही वाटतंय का ते पाहिलं. काही वाटलं नाही.

मग पोथी मिटली. चाळीस वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. "देवा, दया कर…"

पुढचं नाव आलं नाही.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. "देवा, दया कर…"

नाही. आताच तर वाचलं होतं. आताच खरवडलं होतं. कितीदा घेतलेलं नाव. पहिलं अक्षरसुद्धा आठवेना.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "वाचणाऱ्या…"

आवाज जुन्या भाषेतला. प्रार्थनेच्या भाषेतला. कोरडा.

देनहो वळला नाही.

"वाचणाऱ्या… लिहिणाऱ्या पापी…"

मग थांबला. वाट बघत असल्यासारखा. पुन्हा तेच.

"लिहिणाऱ्या पापी…"

आणि पुन्हा थांबला.

देनहो सावकाश वळला. दाराशी कोणीतरी उभं होतं. कंदिलाचा उजेड तिथवर पोचत नव्हता. फक्त एक हात दिसत होता. तीन बोटं पेरांपर्यंत काळी. शाईनं.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

"कोण?" देनहोनं विचारलं.

अगदी लहान आवाजात, "…तू सांग."

"मला आठवत नाही."

"…सांग."

"खरंच आठवत नाही, बाबा."

समोरचा हलला नाही. दार त्याच्या मागे होतं. कंदिलाची वात बारीक होत चालली. किती वेळ गेला कोण जाणे. देनहोला फक्त घरी जायचं होतं. चहा प्यायचा होता, निजायचं होतं. त्याच्या तोंडात एकच नाव होतं.

ते त्यानं दिलं.

"यल्दो."

समोरच्यानं ते नाव हळूहळू घोळवलं, दात नसलेला माणूस भाकरीचा तुकडा घोळवतो तसं.

"यल्दो…"

"यल्दो."

मग दाराशी कोणी नव्हतं.

सकाळी फोटोवाली पोरगी मार्दिन शहरातून आली. मोठ्या भिंगातून तिनं शेवटचं पान पाहिलं आणि वहीत टिपलं. "लेखनिकाचं नाव यल्दो."

"ते मी काल लिहिलंय," देनहो म्हणाला.

"काका, थट्टा करता काय? शाई तपकिरी आहे. बाकीच्या पोथीचं आणि याचं वळण एकच आहे. सातशे वर्षांपूर्वीचं आहे हे."

देनहो वाकला. खरवडल्याची खूण नव्हती. अक्षर त्याचं नव्हतं.

"अबुना, तुम्ही सांगा," तो म्हणाला. "आधीचं नाव काय होतं?"

अबुनांनी तोंड उघडलं. मिटलं. कपाळ चोळलं. "जिभेवर आहे रे… लहानपणापासून घेतोय ते नाव… थांब जरा."

अजून त्यांना आठवलेलं नाही.

देनहो घरी आला. शमुनीनं विचारलं, "लिहिलंत?" तो म्हणाला, "लिहिलं." तिनं कपाळावर, छातीवर क्रूस काढला आणि मसुराची आमटी वाढली. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

मलके म्हातारा इथे थांबला. पोरांपैकी कोणी अक्रोड फोडत नव्हतं.

"रात्री भिंतीवर थापा पडल्या," तो म्हणाला. "मी गेलो. शमुनीच्या हातात फोन होता. मला म्हणाली, 'मलकेभाऊ, माझे कान गेले की काय ते बघा.' होडीत चढण्याआधी पोरानं तिला आवाजाचा निरोप पाठवला होता. रोज रात्री ती तो लावायची, मला या भिंतीतून ऐकू यायचा. मला पाठ होता. 'आई, मी यल्दो बोलतोय. दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय. पोचलो की कळवतो.' तेवढाच."

"मग?" कोणीतरी विचारलं.

"तिनं लावला. मी कानाशी धरला. मागे समुद्र होता, माणसं होती, सगळं होतं तसंच. 'आई, मी…' म्हणाला. मग थांबला. समुद्रही थांबला. माणसंही थांबली. दोन श्वास घेता येतील एवढा वेळ काहीच नाही… मग 'बोलतोय.' तिनं पुन्हा लावला. तेच. देनहो भिंतीला टेकून बसला होता. आमच्याकडे बघत नव्हता. तिनं पुन्हा लावला.

"'आई, मी…

"'…बोलतोय.'"