जाहिरातमुक्त घर

गाद्यांच्या शोरूममध्ये दिवसभर गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडून जो पोट भरतो, त्याला घरी आल्यावर दुसऱ्याची जाहिरात सोसवत नाही. अशाच एका विक्रेत्यांना आजूबाजूचे सगळे गादीवाले म्हणत. बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बायकोशी बोलतानाही सूर तोच असे. साधा चहा केला तरी तो कसा केला, का केला आणि असा चहा दुसरीकडे का मिळणार नाही, हे ऐकल्याशिवाय तिला पहिला घोट घेता येत नसे.

बायको फिजिओथेरपिस्ट होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने तिला बोलावलं होतं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत फोनवर उत्तर द्यायचं होतं.

"जाणार आहेस?" गादीवाल्यांनी विचारलं.

"बघते. इथे डोकं शांत राहत नाही हो. जरा टेकावं म्हटलं, तर कोणीतरी काहीतरी गळ्यात मारतच असतं."

गादीवाल्यांना हायसं वाटलं. म्हणजे रोग जाहिरातींचा आहे तर! त्यांनी बाह्या सरसावल्या.

उपाय त्यांनी शोरूममधल्या कॉम्प्युटरवाल्याकडून शिकून घेतला. घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक टीव्ही वायफायच्या राउटरच्या दारात उभा राहून दोन गोष्टी मागतो. एक, मला राहायला नंबर द्या. दोन, बाहेर कोणाचा पत्ता हवा असेल तर कोणाला विचारू ते सांगा. नंबर वाटणारं खातं ते डीएचसीपी आणि पत्ते सांगणारी खिडकी ती डीएनएस. त्या खिडकीत आपली एक काडेपेटीएवढी डबी बसवायची. कोणी जाहिरातवाल्याचा पत्ता विचारला, की डबी म्हणते, इथे असं कोणी राहत नाही. झालं काम.

पहिल्या दिवशी अर्ध्या जाहिराती तरीही आल्या. राउटरच्या सेटिंगच्या पानावर डीएनएसचा पत्ता भरायला दुसरी जागाही असते आणि ती उघडी राहिली होती. गादीवाल्यांनी तिथेही डबीचाच पत्ता भरला. मग काय काय अडवायचं याच्या तयार याद्या निवडायच्या होत्या. कॉम्प्युटरवाल्याने दोनतीनच घ्या म्हणून बजावलं होतं. पण फुकट मिळणारी वस्तू सोडणं गादीवाल्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्यांवर खुणा केल्या. काहींची लिपीसुद्धा त्यांना ओळखता आली नाही.

जाहिराती बंद झाल्या. बायको टीव्हीसमोर तासभर निवांत बसली. गादीवाल्यांची छाती फुगली.

शुक्रवारी सकाळी टूथपेस्टची ट्यूब पांढरीफटक दिसली. शुभ्र दातांचं वचन गेलं होतं, हसणारी बाई गेली होती. मागच्या बाजूची बारीक अक्षरं आणि वजन तेवढं उरलं होतं. साबणाचं वेष्टनही तसंच. स्वयंपाकघरातले डबे, बाटल्या, पुडे, सगळे कोरे.

"हे काय घासत बसलात?" बायकोने विचारलं.

"मी नाही," गादीवाले म्हणाले. पण मनात शंकेची पाल चुकचुकली.

शनिवारी बायकोचा दादा आला. दादा विमा विकायचा. चपला काढायच्या आधी त्याने सवयीप्रमाणे वायफाय जोडलं. "काय उकडतंय!" म्हणाला. पाणी मागितलं. मग त्याने बॅग उघडली, पुढे सरकून बसला आणि बोलू लागला.

ओठ हलत होते. हात हलत होते. आवाज नव्हता.

गादीवाल्यांनी कानात करंगळी घालून पाहिली. बायको दादाकडे टक लावून बघत होती. "दादा, घसा बसला का रे?"

"नाही बुवा, ठणठणीत आहे," दादा खणखणीत आवाजात म्हणाला आणि पुन्हा मुका झाला. बराच वेळ तो तसाच बोलत राहिला. कोणी हूं की चूं करेना, तेव्हा रागावून निघून गेला.

दार लागल्यावर बायको पोट धरून हसली. किती दिवसांनी! गादीवालेही हसले, पण त्यांच्या अंगावर काटा आला होता.

रविवारी दुपारी तिने फोन हातात घेतला. गादीवाल्यांनी भाषण तयार ठेवलं होतं. ते समोर बसले आणि सुरू झाले. असं घर, असा शेजार आणि असा नवरा तुला शोधून सापडणार नाही, वगैरे. स्वतःचा आवाज त्यांना नीट ऐकू येत होता. रंगात येऊन त्यांनी वर पाहिलं.

बायको काल दादाकडे बघत होती तशीच त्यांच्याकडे बघत होती.

"नुसते ओठ काय हलवताय?"

गादीवाले धावत राउटरपाशी गेले. डबीची वायर उपटली. राउटरच्या मागच्या भोकात टाचणी खुपसून सगळं पहिल्यासारखं केलं, पान उघडलं. डीएनएसच्या दोन्ही जागी डबीचाच पत्ता होता. त्यांनी तो पुसला. पान पुन्हा उघडलं.

दोन्ही जागी तोच पत्ता.

डबी हातात होती. थंडगार.

ते परत येऊन बसले. तयार भाषण सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"मला एकट्याला भीती वाटते," ते म्हणाले.

बायकोने मान वर केली. "काय म्हणालात?"

ऐकू गेलं होतं.

"मी तुझं कधी ऐकून घेतलं नाही. तू गेलीस तर मला जमणार नाही. तुझं अजून माझ्यावर प्रेम आहे का, एवढंच सांग."

तिने फोन बाजूला ठेवला. डोळे भरून आले होते. तिने त्यांचा हात हातात घेतला, हसली आणि बोलू लागली.

गादीवाले जिवाचे कान करून ऐकत राहिले. बाहेर कोणीतरी गाडीचं दार लावलं. मोरीतला नळ ठिबकत होता. ती बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती, आणि काल दादाचे दिसले तसे तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

मग तिने डोळे पुसले.

"ऐकलंत ना?" तिने विचारलं. तेवढं अगदी स्पष्ट ऐकू आलं.