कॅमशिवाय चढलेली सुई

ही घटना खरी आहे. मी स्वतः तिथे होतो.

रात्र वगैरे नव्हती. गेल्या ऑगस्टमधली भर दुपार. वेंडोव्हरमधलं आमचं गॅरेज.

माझा भाऊ ऑरिन आजोबांचं मोडलेलं इंजिन पुन्हा उभं करत होता. याच इंजिनाने जवळच्या मिठाच्या मैदानावर, शर्यतीत, आजोबांचा जीव घेतला. भरधाव गाडीत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला... आणि गाडी उलटली.

ऑरिनला तिथेच शर्यत करायची होती. आमच्या घराण्यात अक्कल उशिरा येते.

व्हॉल्व्ह किती उचलला जाईल हे कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम, ठरवतो. नवा घडवून घ्यायचा, म्हणून तात्पुरता बसवलेला जुना, लहान कॅम आम्ही काढून टेबलावर ठेवलेला. मापाच्या डायलची सुई व्हॉल्व्हवर टेकवलेली.

शून्यावर.

मग ती... चढली.

पाचशेवर थांबली. इंचाचे हजारावे भाग, म्हणजे अर्धा इंच उचल.

"काय फिरवलंस?" ऑरिन म्हणाला.

"काय फिरवणार? कॅम तुझ्या कोपराखाली आहे."

सुई सावकाश उतरली... पुन्हा पाचशे.

ऑरिन खुलला. "आजोबा माप देताहेत."

"जिवंतपणी कधी पाना दिला नाही. आता माप देतील?"

मी हट्टाने जुना कॅम परत बसवला. व्हॉल्व्ह किती जवळ येतो ते बघायला पिस्टनवर चिकणमाती थापली, वरचं हेड आवळलं, इंजिन हाताने फिरवलं, उघडलं. या लहान कॅमलाही व्हॉल्व्हच्या ठशाखाली मातीचा जेमतेम पापुद्रा उरला होता. पाचशेचा कॅम घातला, तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडणार.

"अपघातात तुटला तो आजोबांचा कॅम केवढा होता रे?" मी विचारलं.

ऑरिनने डायलवरच्या पाचशेवर बोट ठेवलं.

शेवटी मी चारशेवीसचा मागवला. महिन्याभराने खोकं आलं. मोजला...

पाचशे.

कॅम घडवणाऱ्या हेझलबाईंना फोन लावला.

"अरे, तुमच्या आजोबांनीच बदलायला सांगितलं ना. म्हणाले, पोरांनी चुकीचं लिहिलंय. गोड माणूस. पण तिकडे वारा फार होता बाबा, नीट ऐकू येईना."

त्याच दिवशी मी तो कॅम कापून दोन तुकडे भंगारात दिले. जुनाही दिला. इंजिनात आज कॅमच नाही. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी रोज बघतो.

काल दुपारी आम्ही अंगणात सँडविच खात होतो. गॅरेजला कुलूप होतं.

आतून इंजिन सुरू झालं...

एकसारखं. गुळगुळीत.

ऑरिनने सँडविच खाली ठेवलं. हेल्मेट उचललं.

"ऐक," तो म्हणाला. "किती छान चालतंय."

शर्यत शनिवारी आहे. कुलपाची किल्ली माझ्या खिशात आहे, आणि मी ती दर थोड्या वेळाने चाचपून बघतो.