मांडवातला रिकामा पाट

खारबावचे केसरीनाथ जुन्या कादंबऱ्यांचे वेडे. जमीन गोदामांसाठी गेली, हातात वेळ उरला, तो त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना देऊन टाकला. भिवंडीच्या वाचनालयातून उसवलेल्या बांधणीची जाडजूड पुस्तकं आणायची आणि ओटीवर बसून दिवसभर वाचायची. "घरची कामं सोडून लोकांच्या मेलेल्या माणसांसाठी रडतात," असं बायको सीताबाई हसून म्हणायची. हे भाविका होती तेव्हाचं. भाविका त्यांची एकुलती लेक. लग्नाची तारीख ठरली आणि अकरा दिवसांच्या तापात ती गेली. त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून सीताबाईनं घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. कुणी चुकून काढलंच, तर ती उठून मागल्या दारी जाऊन बसे. केसरीनाथांना त्याच नावाची भूक होती, आणि ती सांगायची कुणाला?

दिघाशीच्या बाजूला कुणा हौशी गोदामवाल्यानं 'जुनं गाव' उभं केलं होतं. सारवलेली घरं, बैलघाणा, कुंभाराचं चाक, आणि त्यात जुन्या पेहरावात वावरणारी पगारी माणसं. २००८ च्या जानेवारीतल्या एका रविवारी केसरीनाथ तिथे एकटेच गेले. धोतर नेसलेला प्रितम सगळ्यांना गाव दाखवत होता. त्याच्या कमरेला मोबाईल होता आणि कंदिलांत बल्ब होते, तेवढं त्यांनी पोटात घातलं. बाकी सगळं कादंबऱ्यांच्या पानांवरचंच होतं. दळणाऱ्या बाईनं गूळपाणी पुढे केलं. ओसरीवर कुणी पोथी वाचत होतं. केसरीनाथांना अगदी घरी आल्यासारखं वाटलं. कादंबरीत माणूस मेलं, तरी पहिलं पान उघडलं की ते पुन्हा अंगणात खेळत असतं. या एका गोष्टीपायी ते एकेक पुस्तक चार-चारदा वाचत.

गावाच्या शेवटी मांडव होता. "इथं आगरी लग्न बघा," प्रितम म्हणाला. लग्न खोटं असलं तरी धवलारीण खरी होती. धोंडूबाई तिचं नाव, वय सत्तरीच्या पुढे. तिनं आयुष्यभर लग्नं लावली होती, मंत्रांऐवजी धवले गाऊन. आधी देवांना बोलवायचं, मग घरातल्या गेलेल्यांना, आणि सगळं पार पडल्यावर एकेकाला नाव घेऊन निरोप द्यायचा. समोर नवरा-नवरीचे दोन पाट मांडले होते, दोन्ही रिकामे.

"नवरा कुनी बी चालंल," ती म्हणाली, "पन पोरीच्या नावाबिगर मी गात न्हाय. सांगा कुनीतरी."

बायका हसल्या, पण प्रत्येकीनं आपली पोर जवळ ओढली. खोट्या लग्नात खऱ्या लेकीचं नाव कोण देणार?

"भाविका," केसरीनाथ म्हणाले.

तीन वर्षांनी ते नाव तोंडातून बाहेर पडलं होतं.

"पोर घरी हाय ना?" धोंडूबाईनं विचारलं.

"हाय," ते म्हणाले. सगळा खेळच तर होता. कादंबरीतल्यासारखंच, म्हटलं की झालं.

धोंडूबाईनं गायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा ओल्या हळदीचा वास पसरला. वाटीत तर नुसती पिवळी भुकटी होती.

तिनं नवरीच्या पाटावर अक्षता टाकल्या. त्या पाटावर पडल्या नाहीत. हातभर वर अडल्या आणि मग घरंगळत खाली आल्या.

धोंडूबाईनं ते पाहिलं, पण ती गात राहिली.

"मावशी, आटपा," प्रितम म्हणाला. "जेवणं तयार हायेत."

"निरोप गायाचा ऱ्हायलाय."

"राहू द्या. पब्लिक उठलं."

लोक खरंच उठले होते. धोंडूबाई केसरीनाथांपाशी आली.

"दादा, खरं सांग. पोर हाय?"

त्यांनी मान हलवली. नाही.

ती खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "तिला सासर न्हाय. आता ती तुझ्याच घरी जानार. मी निरोप गाते. तू फकस्त हो म्हन."

भीती वाटायच्या आधी त्यांना आनंद झाला. त्याची लाज फार नंतर वाटली.

"नको," ते म्हणाले. "राहू दे तिला."

परतताना रिक्षात ते एका कडेला सरकून बसले. शेजारच्या जागेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ओटीवर कुणी नव्हतं. सीताबाई मधल्या खोलीत जमिनीवर बसली होती, कोपरापर्यंत हळदीनं माखलेली. तिच्यापुढे चटई अंथरलेली होती. चटईवर हळदीचा एक डाग नव्हता.

"दुपारीच आलीय भाविका," ती शांतपणे म्हणाली. "कवाधरनं चोळतेय, पन अंग काय ऊब धरीत न्हाय. तुमी जरा पाय घ्या."

केसरीनाथ तिच्याशेजारी बसले. त्यांनी चटईच्या टोकाशी हात नेला.

हाताला टाच लागली.